पवना की भंडारदरा? मे महिन्यातल्या तंबूसाठी

पाण्याकाठी तंबूत एखादी रात्र काढायची म्हटलं की पुण्या-मुंबईकडच्या माणसाला आधी पवना आठवतं. भंडारदऱ्याचं नाव निघतं, पण लगेच कुणीतरी म्हणतं, 'लांब पडेल रे.' दोन्हीकडे मी उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन राहिलोय, आणि आता कुणी विचारलं तर माझं उत्तर जवळपास ठरलेलं असतं. तरी आधी पवनेची बाजू मांडतो, कारण ती लंगडी नाही.

पवना सोयीचं आहे. पुण्याहून दुपारचं जेवण उरकून निघालं तरी चहाला काठावर पोचता येतं. ठाकूरसई, आंबेगाव या बाजूंना तंबू आधीच उभारलेले असतात, गाद्या-उशा आत, स्वच्छतागृह जवळ. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना न्यायचं असेल तर हा मुद्दा छोटा नाही. देखाव्यातही काही कमी नाही. तुंगाचा सुळक्यासारखा माथा, तिकोना, मागे लोहगड-विसापूर. पहाटे उठून तिकोना चढलात तर ऊन तापायच्या आत खाली येता, आणि वरून अख्खा जलाशय दिसतो. पहिल्यांदाच तंबूत राहणाऱ्यांना ही जागा मी आजही सुचवेन, फक्त शनिवार सोडून.

त्या शनिवारच्या रात्रीमुळेच माझा कल फिरला. काठावर कॅम्पला लागून कॅम्प आहेत. संध्याकाळी सातला एकाकडे स्पीकर लागतो, तो ऐकू येऊ नये म्हणून दुसरा आपला आवाज चढवतो, आणि साडेआठला कोळशावर पनीर भाजेपर्यंत तीन-चार गाणी एकमेकांत मिसळलेली असतात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच ती आहे. पण मी राहिलो तिथे दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजून गेले. आमच्या कॅम्पवाल्या दादांनी बिचाऱ्यांनी आपला स्पीकर वेळेत बंद केला होता. शेजारच्यांना जाऊन सांगूनही आले. शिवाय आवाज पलीकडच्या काठावरूनही येत होता, तिथे ते कुणाला सांगणार?

पाण्याकाठी हा त्रास वाढतो, त्याला कारण आहे. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो. मध्ये झाड नाही, भिंत नाही. दूरचा ठेका तंबूच्या कापडाशेजारी वाजल्यासारखा येतो. धाकटी मुलगी कानावर उशी घेऊन झोपायचा प्रयत्न करत होती. आम्ही तिला चांदण्या दाखवायला आणलं होतं, म्हणून ते जास्त लागलं.

आता भंडारदरा. प्रवरेवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं, त्याच्यामागे पसरलेल्या जलाशयाभोवती मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी अशी गावं आहेत. तंबू बहुतेक गावातल्याच कुणाच्या तरी शेतात किंवा काठावर लागतात. दोन मुक्कामांमध्ये बऱ्यापैकी अंतर असतं आणि मला वाटतं सगळा फरक तिथेच पडतो. आम्ही होतो तिथे नऊनंतर बेडूक, एखादं कुत्रं आणि वारा, एवढंच. समोर रतनगड आणि त्याच्या कडेचा खुटा नावाचा सुळका काळोखातही ओळखू येत होते. जेवण घरातून आलं: नागलीची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. रात्री वळवाचा पाऊस आला तेव्हा घरच्या मावशींनी मुलांना सरळ पडवीत झोपवलं. मे महिन्याच्या शेवटी तंबू टाकणाऱ्याला जवळ अशी पडवी असणं फार मोलाचं असतं.

उणिवाही सांगायला हव्यात. रस्ता लांबचा, शेवटचा टप्पा वळणांचा. मोबाइलला रेंज कधी मिळते, कधी नाही. सोयी साध्या असतात, आंघोळीचं पाणी बादलीतून येतं. मेमध्ये शेतीसाठी पाणी सोडून सोडून जलाशय बराच आटलेला असतो. तंबूपासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या मातीतून चालावं लागतं, आणि फोटोत दिसणारा भरलेला काठ त्या दिवसांत नसतो. भर दुपारी सावलीही शोधावी लागते. आम्ही ती वेळ रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिरात काढली. कोरीव दगडी गाभाऱ्याजवळ बाहेरचं ऊन विसरायला होतं. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी: हे धरणाचं पाणी आहे, तळ कुठे अचानक खोल जाईल सांगता येत नाही. पोहायला उतरू नये, मुलांना तर नाहीच.

काजव्यांसाठी जाणार असाल तर थोडा वेगळा विचार करा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या या पट्ट्यात सादडा, हिरडा, बेहडा अशी झाडं लुकलुकतात, आणि त्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्यालाही गाड्यांची रांग लागते. तेव्हा माझी शांततेची बाजू थोडी कमजोर पडते, हे मान्य. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार धरा, अमावास्येच्या आसपासचे. हेडलाइट आणि टॉर्च बंद ठेवा, कारण उजेड पडला की लुकलुक थांबते. झाडाखालच्या गवतात शिरू नका, माद्या बऱ्याचदा तिथेच असतात.

फक्त एकच रात्र हाताशी असेल आणि सोबत म्हातारी माणसं असतील, तर आठवड्याच्या मधल्या वारी पवना घ्या. दोन रात्री मिळत असतील तर मी मुरशेत किंवा रतनवाडीकडेच बोट दाखवेन. कुठेही जा, आगाऊ पैसे भरण्याआधी फोनवर दोन प्रश्न विचारा: शेजारचा कॅम्प किती अंतरावर आहे, आणि पाऊस आला तर झोपायला पक्कं छप्पर आहे का.