चार तारांचा मिलिओहम मीटर: नऊ महिन्यांनंतर

विजेचा अगदी बारीक रोध, म्हणजे अडथळा, मोजणारा हा मीटर घेतला तेव्हा डोक्यात एकच काम होतं. पॅनेलमधला कुठला जोड तापणार आहे, हे तो तापण्याआधी कळावं. ते काम तो चोख करतो. पण याच मीटरने मला एकदा दोन आठवडे सरळ सरळ फसवलं. तसं का होतं, हे त्याच्या माहितीपत्रकात कुठेच नाही, म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

आधी वस्तूबद्दल. हातात मावेल एवढा मीटर. सगळ्यात खालच्या रेंजला 1 अँपिअर सोडतो आणि 10 मायक्रोओहमच्या पायरीने आकडा दाखवतो. वरच्या रेंजना प्रवाह 100 आणि मग 10 मिलिअँपिअर. प्रत्येक चिमट्याला दोन तारा असतात. एका जबड्यातून प्रवाह जातो, दुसऱ्यातून फक्त व्होल्टेज मोजलं जातं. साध्या मल्टिमीटरच्या प्रोबच्या तारांचाच रोध 200-300 मिलिओहम भरतो आणि कॉन्टॅक्टरचा (मोटरसारखे मोठे भार चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा) धडधाकट पोल, म्हणजे त्यातली एक वाट, असतो जेमतेम एक मिलिओहमचा. म्हणजे हत्तीवर बसलेल्या माशीचं वजन हत्तीसकट करण्यातला प्रकार. चार तारांमुळे हत्ती बाजूला होतो. युक्ती जुनीच आहे. विल्यम थॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनने, 1861 मध्ये त्यावर रोध मोजायचं ‘ब्रिज’ नावाचं सर्किट बांधलं होतं. या चिमट्यांना केल्विन क्लिप म्हणतात ते त्यावरूनच.

पहिल्याच आठवड्यात मीटरचा उपयोग झाला. मोटरच्या एका कॉन्टॅक्टरचे तीन पोल मोजले: 0.8, 0.9 आणि 4.8 मिलिओहम. पूर्वीची सवय अशी, की पॉइंट, म्हणजे एकमेकांवर टेकणारे चांदीचे तुकडे, काळे दिसले की कानस काढायची. या वेळी सप्लाय बंदच होता, म्हणून आधी व्होल्टेजचा जबडा सरकवत सरकवत मोजलं. टर्मिनलचा स्क्रू ठीक, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) ठीक, सगळा रोध पॉइंटवरच. मग लाकडी काडीने पॉइंट बसवलेली हलती पट्टी जरा जोरात दाबली, तर आकडा एकच्या खाली आला. पॉइंट चांगले होते, तापून तापून स्प्रिंग मेली होती.

यामागचं गणित एकदा समजलं की जोडांकडे बघायची नजर बदलते. दोन धातू एकमेकांवर टेकले की पूर्ण पृष्ठभागाने टेकतच नाहीत. आरशासारखे घासले तरी वरच्या उंचवट्यांचे मोजके ठिपकेच भिडतात आणि सगळा प्रवाह त्या ठिपक्यांतून अंग चोरून जातो. रॅग्नार होल्म या स्वीडिश शास्त्रज्ञाने हा विषय आयुष्यभर धरून ठेवला. त्याचं सूत्र सोपं आहे: धातूची रोधकता भागिले ठिपक्याच्या त्रिज्येची दुप्पट. चांदीवर 10 मायक्रॉन त्रिज्येचा एकच ठिपका धरला तर सुमारे 0.8 मिलिओहम येतात. तळहाताएवढी पट्टी असो वा टाचणीचं टोक, रोध ठरतो तो या ठिपक्यांवर. आणि ठिपके किती पसरणार हे दाब आणि धातूचा मऊपणा ठरवतात, दिसणारं क्षेत्रफळ नाही. पृष्ठभाग स्वच्छ असेल तर दाब चौपट केल्यावर रोध साधारण निम्मा होतो. काडीने दाबल्यावर आकडा का पडला, ते यात आलं.

कानशीचं प्रायश्चित्तही इथेच सांगतो. एका जुन्या कॉन्टॅक्टरचा काळाकुट्ट पॉइंट मुद्दाम आधी मोजला: 0.9. कानस मारून पुन्हा मोजला: 0.8. एवढ्याशा फरकासाठी मी इतकी वर्षं लोकांच्या पॉइंटवरची चांदी खरवडत आलो. चांदीचं ऑक्साइड आर्कच्या, म्हणजे पॉइंट उघडताना उडणाऱ्या ठिणगीच्या, उष्णतेत टिकत नाही, परत चांदीच होते. त्यामुळे काळेपणा दिसायला वाईट, पण जड कामाला फारसा आड येत नाही. शिवाय तो पॉइंट नुसत्या चांदीचा नसतोच. शुद्ध चांदी वाहते उत्तम, पण मऊ असल्याने मोठ्या प्रवाहात चिकटून बसते. म्हणून तिच्यात कथलाच्या ऑक्साइडचे बारीक कण मिसळतात, लहान भाराला निकेल. जुन्या मालात कॅडमियम ऑक्साइड असायचं. काम अफलातून, पण धातू विषारी. युरोपच्या नियमांत कॅडमियमची मर्यादा वजनाच्या 0.01 टक्का आहे, कॉन्टॅक्टना त्यातून सवलत मिळत आली एवढंच. जुन्या पॉइंटला कानस लावली की तीच धूळ नाकात जाते. मी कानस आता फक्त पत्र्याला लावतो.

ॲल्युमिनियमच्या केबलवर मीटर फार कामाचा ठरला. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर चढतो आणि तो पक्का इन्सुलेटर असतो. त्यात हा धातू दाबाखाली हळूहळू सरकतो, त्यामुळे आज घट्ट केलेला बोल्ट काही महिन्यांनी आपोआप ढिला. एका बसबारवर (पॅनेलमधल्या प्रवाह वाहणाऱ्या जाड पट्टीवर) ॲल्युमिनियमची लग सरळ तांब्यावर कसली होती. दर महिन्याला मोजत गेलो, तर आकडा 60 मायक्रोओहमवरून 90, मग 170. 10 मायक्रोओहमची पायरी म्हणजे शेवटच्या घराचा भरवसा नाही, पण चढण मात्र स्पष्ट होती. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं), पेस्ट आणि दाब धरून ठेवणारे बशीसारखे स्प्रिंग वॉशर लावल्यापासून तो आकडा हललेला नाही.

आता फसगतीची गोष्ट. एका भट्टीच्या तापमानाचं रीडिंग अधूनमधून उडायचं. सेन्सरची तार एका साध्या पॉवर रिलेतून (कॉन्टॅक्टरच्या धाकट्या भावातून) फिरवलेली होती, कारण मूळ काम करणाऱ्याकडे तोच पडून असावा. मी रिलेचा कॉन्टॅक्ट मोजला: 40 मिलिओहम. रिलेच्या माहितीपत्रकात कमाल 100 लिहिलेले, म्हणजे उत्तम. मग केबल बदलली, सेन्सर बदलला, कंट्रोलरवर संशय घेतला. रीडिंग उडतच राहिलं. दर वेळी रिले मोजावा तर छान आकडा, आणि गंमत म्हणजे मोजल्यावर एक-दोन दिवस सगळं सुरळीत चाले. त्याच वेळी डोक्यात दिवा पेटायला हवा होता. पेटला नाही.

झालं होतं असं. चांदीवर हवेतल्या गंधकामुळे सल्फाइडचा काळा थर चढतो. भांडी काळी पडतात तोच. रोज अँपिअरभर प्रवाह तोडणारा रिले ठिणगीने हा थर स्वतःच जाळत राहतो. पण सेन्सरच्या तारेत फक्त काही मिलिव्होल्ट. त्यांच्या अंगात थर फोडायची ताकद नाही. माझा मीटर मात्र चिमटे उघडे असताना 4-5 व्होल्ट लावतो. एवढ्या व्होल्टेजला तो पातळ थर फुटतो, त्यातून धातूची बारीक वाट तयार होते आणि आकडा कोसळतो. मी मोजतच नव्हतो, मोजता मोजता बरं करत होतो. आणि मग बरा झालेला रोगी बघून म्हणत होतो, याला काही झालेलंच नाही.

बऱ्याच पॉवर रिलेच्या माहितीपत्रकात कमाल भाराशेजारी किमान भारही दिलेला असतो, 5 व्होल्टला 100 मिलिअँपिअर असा काहीतरी. मी ती ओळ आयुष्यात कधी वाचली नव्हती. आणि तो 100 मिलिओहमचा आकडासुद्धा साधारण 6 व्होल्ट, 1 अँपिअर अशा भरभक्कम परीक्षेत काढलेला असतो.

अशा कोरड्या सर्किटसाठी, म्हणजे थर फुटण्याइतकं व्होल्टेज किंवा ठिणगी जिथे नसते तिथे, वेगळी रीत आहे. उघडं व्होल्टेज 20 मिलिव्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे थर जसाच्या तसा राहतो. या मीटरला ती सोय नाही, ही त्याची सगळ्यात मोठी उणीव. माझा जुगाड असा: 1.5 व्होल्टची बॅटरी, 740 ओहम आणि 10 ओहम मालिकेत. 10 ओहमवर बरोबर 20 मिलिव्होल्ट मिळतात. ती दोन टोकं कॉन्टॅक्टला लावायची आणि साधा मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून तिथेच बघायचं. कॉन्टॅक्ट चांगला असेल तर आकडा शून्यालगत येतो. कॉन्टॅक्टचाच रोध 10 ओहम झाला असेल तर 10 मिलिव्होल्टवर अडतो. त्याच रिलेच्या न वापरलेल्या दुसऱ्या पोलवर आकडा 19 च्या खाली आलाच नाही. त्याच पोलवर मग मिलिओहम मीटर लावला: 50 मिलिओहम, आणि बझर आनंदाने वाजला.

रिले बदलून सोन्याच्या कॉन्टॅक्टचा लावला, तेव्हापासून रीडिंग स्थिर आहे. सोनं चांदीपेक्षा चांगलं वाहतं म्हणून ते लावतात, हा गैरसमज मलाही होता. रोधकतेत सोनं चांदीच्याच काय, तांब्याच्याही मागे आहे. त्याचा गुण एकच, त्याला ना गंज चढतो ना काजळी. पण उलटी चूकही करू नका. सोन्याच्या मुलाम्याचा रिले एकदा जरी कॉइल किंवा मोटरच्या भाराला जोडला, तरी ठिणग्यांनी तो मायक्रॉनचा थर उडतो आणि खालची चांदी उघडी पडते. मग तो सिग्नलच्या कामाला परत येत नाही. वापरलेले रिले डब्यात टाकून ठेवायची माझी सवय यामुळे सुटली.

कनेक्टरच्या बाबतीत मीटरने जुनीच शंका खरी केली. थरथरणाऱ्या मशीनवरचा कथलाच्या मुलाम्याचा कनेक्टर 8 मिलिओहमवरून शेकड्यांत उड्या मारत होता. काढून परत खोचला की पुन्हा 8. मऊ कथलावर कडक ऑक्साइडची पापडी असते. खोचताना ती फुटते, पण बारीक थरथरीत तेवढ्याच जागी नवीन नवीन पापडी साचत जाते. ‘काढून परत लाव’ हा उपाय उगीच चालत नाही, फक्त टिकत नाही. त्यातही एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथील, ही जोडी सर्वात नाठाळ.

मीटरच्या तक्रारी आहेत. चिमट्यांच्या जबड्यांवरचा मुलामा पाचव्या महिन्यात दातांवरून गेला आणि आकडे नाचू लागले. कॉन्टॅक्ट मोजायचं यंत्र स्वतःच्या कॉन्टॅक्टमुळे आजारी! चिमटे बदलल्यावर सगळं ताळ्यावर आलं. दुसरं, तो प्रवाहाची दिशा आपणहून उलटवत नाही. दोन वेगळ्या धातूंचा जोड कोमट असला तर त्यात काही मायक्रोव्होल्ट तयार होतात, आणि 10 मायक्रोव्होल्ट म्हणजे 1 अँपिअरला 10 मायक्रोओहमची चूक, 100 मिलिअँपिअरला 100 ची. चिमटे अदलाबदल करून दोनदा मोजतो आणि सरासरी घेतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्का वाढतो, त्यामुळे नुकतंच बंद केलेलं पॅनेल मोजायची घाईही करत नाही. मोठ्या ब्रेकरसाठी मात्र हा मीटर घेऊच नका. तिथे आंतरराष्ट्रीय मानकात किमान 50 अँपिअर सोडून मोजतात, 1 अँपिअरवरचा आकडा कुणी धरत नाही.

बॅटरीचं म्हणाल तर 1 अँपिअरच्या रेंजवर ती पटापट उतरते. माझा 20 मिलिव्होल्टचा जुगाड आता प्लास्टिकच्या डबीत बसवून मीटरच्या पाठीला रबराने बांधलाय. सिग्नलचा रिले असला की आधी डबी लावतो, मीटर नंतर.