आठ वर्षं जुनी ऑक्टाविया एस्टेट, सात हजार पौंडांच्या आत: वर्षभर वापरल्यावर

गाडी कुठली ते आधी सांगते. स्कोडा ऑक्टाविया एस्टेट (म्हणजे छत मागेपर्यंत नेलेली, लांब डिकीची गाडी), १.४ टीएसआय टर्बो पेट्रोल, १५० पीएस, हाताचे गिअर. नंबर प्लेट '६६' ची, म्हणजे सप्टेंबर २०१६ ते फेब्रुवारी २०१७ या काळात नोंदलेली. आम्ही राहतो इंग्लंडात, मिल्टन कीन्सला. घरात दोन मुलं, आणि उन्हाळ्यात संभाजीनगरहून माझे सासू-सासरे येतात. आधीची छोटी हॅचबॅक विकून गेल्या शरदात ही घेतली. बजेट सात हजार पौंड होतं आणि त्यात ती बसली.

भारतात या अंगलोटाच्या गाड्या कधी रुजल्याच नाहीत. इंडिगो मरिना आली आणि गेली, बलेनो अल्टुरा फारशी कुणाला आठवतही नसेल. आपल्याकडे मोठी गाडी म्हणजे उंच गाडी. इथे आल्यावर आमचाही पहिला शोध एसयूव्हीचाच होता. पण त्याच पैशात एसयूव्ही दोन-तीन वर्षं जास्त जुनी मिळते, पेट्रोल जास्त पिते आणि डिकी बहुतेकदा लहानच निघते. या ऑक्टावियाची डिकी सीट न पाडता ६१० लिटर, पाडल्यावर १,७४०. डिकीचा उंबरा खाली असल्यामुळे वीस किलोचं तांदळाचं पोतं छातीपर्यंत उचलावं लागत नाही. कंबरेचं दुखणं असलेल्या माणसाला एवढं एक कारणही पुरेल.

सात सीटच्या गाडीचा विचार आम्ही केला होता, कारण सासू-सासरे आले की आम्ही सहा जण होतो. पण तिसरी रांग उघडली की बऱ्याच गाड्यांत मागे दोन पिशव्यांपुरती जागा उरते. मग हीथ्रोहून माणसं आणायची की बॅगा? आम्ही हिशेब केला: सहा जणांनी एकत्र जायचं अशी वेळ वर्षातून मोजक्या वेळा येते, तेव्हा दोघांनी ट्रेनने जावं. उरलेलं अख्खं वर्ष डिकी उपयोगी पडते. तुमच्या घरी सहावं माणूस कायमचं असेल, तर हा हिशेब तुम्हाला लागू नाही.

खरा वाद घरात झाला तो इंजिनावरून. जुन्या गाड्यांच्या साइटवर डिझेल एस्टेटींचा नुसता ढीग असतो, स्वस्तही मिळतात, आणि नवऱ्याचं म्हणणं, "लांबच्या प्रवासाला डिझेलच." बरोबर आहे, पण आमची गाडी रोज जाते कुठे? शाळा, स्टेशन, टेस्को सुपरमार्केट. दोन-तीन मैल, मग बंद. डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला इंजिन नीट तापून काही काळ एका वेगात पळावं लागतं. रोज दोन मैलांवर बंद होणाऱ्या गाडीत ती जळत नाही, साचत जाते, आणि शेवटी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागतो. तो फिल्टर बदलायचा खर्च ऐकला की पेट्रोल आणि डिझेलमधला मायलेजचा फरक हास्यास्पद वाटतो. गाडीचं इंजिन रोजच्या रस्त्यावरून ठरवावं, सुट्टीतल्या स्कॉटलंडवरून नाही. स्कॉटलंडला लागते ती डिकी, आणि ती पेट्रोललाही तेवढीच असते.

दुसरं कारण लंडनचं. गणपतीला आम्ही डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात जातो. १९३२ सालचं हे मंडळ नॉर्थ सर्क्युलर या रिंग रोडच्या आतल्या अंगाला, म्हणजे युलेझच्या (जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचा आकार लावणाऱ्या पट्ट्याच्या) हद्दीतच आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून तर युलेझ लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे पूर्ण शहराला, लागू झालं. धुराच्या मानकांत पेट्रोल गाडी युरो ४ असली तरी चालते, डिझेलला युरो ६ लागतं. नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. २०१५ च्या आधीची स्वस्त डिझेल घेताना हे तपासायला विसरू नका. नंबर टाकला की टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर लगेच कळतं.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. टोयोटा ऑरिस टूरिंग स्पोर्ट्स हायब्रिड आम्हाला मनापासून आवडली होती. गावातल्या गावात तिच्याइतकी काटकसरी कुणी नाही. पण डिकी ५३० लिटर, आणि आमच्या पैशात मिळत होत्या त्या फार पळालेल्या, बऱ्याचशा टॅक्सीला लावलेल्या. होंडा सिव्हिक टूररची डिकी ६२४ लिटर, म्हणजे ऑक्टावियाहून थोडी मोठीच, पण बाजारात फार कमी दिसते. फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजोचं १.२ प्युअरटेक या त्या काळातल्या इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलात भिजत चालतो. ठरलेलं तेल ठरलेल्या वेळी बदलल्याच्या पावत्या नसतील, तर त्यांच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. ऑक्टावियातही सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, टाळला. त्या गिअरबॉक्सच्या बिघाडांची जगभरची कीर्ती वाचल्यावर डावा पाय वापरायला माझी हरकत नव्हती.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. इथे कुठल्याही गाडीचा नंबर सरकारी साइटवर टाकला की एमओटीचा, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीचा, सगळा इतिहास फुकट दिसतो: दर वर्षी मीटरवर किती मैल, पास की नापास, आणि 'अॅडव्हायझरी', म्हणजे आज चालेल पण लक्ष ठेवा अशा सूचना. लोक फक्त पास-नापास बघतात. मी मालकाचा स्वभाव बघत होते. एक गाडी दर वर्षी दिव्याच्या बल्बवर आणि गुळगुळीत टायरवर नापास, आणि त्याच दिवशी दुरुस्त होऊन पास. ज्याला बल्ब गेलेला वर्षभर दिसत नाही, तो तेल कधी बदलत असेल? दुसरीत एकच अॅडव्हायझरी सलग तीन वर्षं: मागच्या टायरची आतली कड झिजतेय. कुणी चाकांची अलाइनमेंट करूनच घेतली नाही. तिसरी आठ वर्षांत अगदी कमी पळालेली, आणि डिझेल. विकणारा तेच कौतुकाने सांगत होता!

एका डीलरकडे जाहिरातीत 'फुल सर्व्हिस हिस्टरी' लिहिलेलं, आणि पुस्तिकेत शिक्के दोनच. विचारलं तर म्हणाला, बाकीचं डिजिटल आहे. दाखवा म्हटलं तर सिस्टिम बंद होती. आम्ही चहा पिऊन निघालो.

शेवटी घेतली ती खाजगी मालकाकडून, निवृत्त गृहस्थ. त्यांच्याकडे पावत्यांची जाड फाइल, दोन्ही किल्ल्या, आणि डिकीवरचं गुंडाळायचं कव्हर जागेवर. (हे कव्हर बऱ्याच जुन्या एस्टेटींमधून गायब असतं, वेगळं घ्यायला गेलं तर महाग पडतं. दुसऱ्या किल्लीचंही तेच.) यात एक धोका पत्करला हे खरं. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने गाडीत दोष निघाल्यास तीस दिवसांत परत करता येते. खाजगी व्यवहारात ते कवच नाही. म्हणून पैसे देण्याआधी ओळखीच्या मेकॅनिकला नेलं, आणि गाडीवर कर्ज बाकी नाही ना, अपघातानंतर विमा कंपनीने निकालात काढून 'कॅटेगरी एस' किंवा 'एन' ठरवलेली नाही ना, हे पैसे भरून तपासलं. व्ही५सी हा गाडीच्या नोंदणीचा कागद म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हे त्या कागदावरच छापलेलं असतं. आपल्या आरसी बुकाच्या सवयीने तिकडे लक्ष जात नाही.

वापराचं म्हणाल तर गावात गॅलनला ३६-३७ मैल मिळतात, म्हणजे लिटरला तेराएक किलोमीटर. एम१ मोटरवेवर निवांत ताशी ७० मैलांनी गेलं की पन्नासपर्यंत, लिटरला साडेसतरा. टर्बोमुळे भरलेल्या गाडीतही चढावर गिअर उतरवावा लागत नाही. हीथ्रोहून चार मोठ्या बॅगा आणि दोन केबिन बॅगा कव्हरच्या खाली बसल्या. आयकियाचं कपाट सीट पाडून आलं. मखर उभं न करता सरळ आडवं गेलं. लांबी सुमारे ४.६६ मीटर आहे. सुपरमार्केटच्या पार्किंगचा रकाना साधारण ४.८ मीटरचा असतो, तेव्हा बसते, पण डिकी उघडायला मागे जागा उरत नाही. म्हणून मी नेहमी नाक बाहेर ठेवून नाही, तर भिंतीकडे करून लावते.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. खडबडीत डांबरावर टायरचा आवाज मोकळ्या डिकीत घुमतो, मागे बसणाऱ्याशी जरा वरच्या पट्टीत बोलावं लागतं. मागची काच पावसात मैलभरात चिखलाने माखते. एस्टेटच्या आकारामुळे तसं होतंच, तेव्हा मागचा वायपर चांगला ठेवावा. हिवाळ्यात एका खड्ड्याने पुढची स्प्रिंग तोडली. त्यात गाडीचा काय दोष, आमच्या रस्त्याचे खड्डे बघितलेत का?

गंमतीची एक सोय: पेट्रोलच्या झाकणाच्या आत बर्फ खरवडायची पट्टी असते. जानेवारीच्या सकाळी तिची किंमत कळते.

सासूबाईंनी पहिल्यांदा बघितली तेव्हा म्हणाल्या, "अगं, ही तर अँब्युलन्स!" बाबा, म्हणजे माझे सासरे, मात्र खूश. ऑक्टाविया त्यांच्या शेंद्रा एमआयडीसीत जोडली जात असे, त्यामुळे ती त्यांच्या लेखी गाववालीच. "आपल्याकडे ही साहेबाची गाडी होती," असं ते मुलांना दर वेळी सांगतात. मुलांना ती फक्त चिप्सचे तुकडे सांडायची जागा वाटते.

कर बघून वर्ष ठरवा, हेही सांगायचं होतं. १ एप्रिल २०१७ च्या आधी नोंदलेल्या गाडीचा कर धुरातल्या कार्बनवरून ठरतो. आमची किलोमीटरला १२० ग्रॅमच्या आत, म्हणून २०२५-२६ ला ३५ पौंड. तीच गाडी काही महिन्यांनी नवी असती तर १९५. '१७' प्लेटमध्ये मार्च २०१७ च्याही गाड्या येतात, तेव्हा प्लेट नव्हे, नोंदणीची तारीख बघा. आणि आधीच्या मालकाने भरलेला कर गाडीबरोबर येत नाही. घरी चालवत आणण्यापूर्वी तिथेच उभं राहून फोनवरून भरा.