मुंबई ते डब्लिन: सात-आठ महिने गूगल फ्लाइट्स वापरल्यावर

धाकटी बहीण डब्लिनला असते, त्यामुळे गेल्या सात-आठ महिन्यांत आईचं तिकीट, मग बाबांचं, मग परतीचं असं सगळं मीच गूगल फ्लाइट्सवर, म्हणजे गूगलच्या विमान-तिकिटं शोधायच्या साइटवर, शोधलं. भारतातून डब्लिनला थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं, आणि कुठे बदलायचं हाच सगळा प्रश्न आहे. दुबई, अबूधाबी, दोहा, इस्तंबूल, लंडन, ॲमस्टरडॅम, पर्याय ढीगभर दिसतात.

सुरुवातीला मी सरळ स्वस्तातलं वर आणून बघायचो. एकदा लंडनवरून जाणारं छान स्वस्त दिसलं, बहिणीला स्क्रीनशॉटपण पाठवला, आणि मग किमतीशेजारचा तो छोटा बाण दाबला तर आत लिहिलेलं, सेल्फ ट्रान्सफर. म्हणजे दोन वेगळी तिकिटं, बॅगा स्वतः घ्यायच्या, परत चेक-इन करायचं, आणि बॅग घ्यायला बाहेर पडायचं म्हणजे ब्रिटनच्या इमिग्रेशनमधून जायचं. आईकडे व्हिसा फक्त आयर्लंडचा होता. आणि आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकाच व्हिसाच्या गटात, नाही बरं का, तो व्हिसा वेगळाच काढावा लागतो, शेंगेनवर तिथे जाता येत नाही. आईचे गुडघे दुखतात, इंग्रजी बेताचं, तिला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एकटीला काउंटरवर उभं करायचं या विचारानेच घाम फुटला मला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलीये. आधी एक स्टॉप, मग कनेक्टिंग एअरपोर्टच्या फिल्टरमध्ये फक्त दुबई, अबूधाबी, दोहा ठेवायचे, कारण एकाच तिकिटावर आतल्या आत विमान बदललं तर तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही आणि बॅग थेट डब्लिनला निघते. लेओव्हर, म्हणजे मधला थांबा, अडीच ते चार तास, त्याहून कमी तर आईला नकोच. व्हीलचेअर एअरलाइनकडे आधीच सांगून ठेवायची. आणि पोचण्याच्या वेळेशेजारचा बारीक +1 नक्की बघा, म्हणजे पोचायची तारीख दुसऱ्या दिवसाची. तसंच पहाटे चारची फ्लाइट बारा तारखेची असेल तर आम्हाला मुंबई विमानतळासाठी पुण्याहून अकरा तारखेच्या संध्याकाळीच निघायचंय, आमच्याकडे कॅबवाल्याला चुकून बाराच सांगितलेलं, नशीब बाबांनी पकडलं.

मला सगळ्यात आवडतं ते तारखांचं ग्रिड, दोन दिवस इकडेतिकडे केलं की फरक लगेच दिसतो, आणि किमतीचा अलर्ट, मेल येतो, रोज बघत बसावं लागत नाही. पण बुकिंग मी एअरलाइनच्याच साइटवर करतो. एकदा एका एजंट साइटवर केलं, पैसे भरायच्या स्क्रीनवर भाडं वाढलं, आणि नंतर तारीख बदलायला एअरलाइनने त्यांच्याकडे पाठवलं, त्यांनी एअरलाइनकडे, चार दिवस हेच चाललं होतं. थोडे जास्त गेले तरी चालतील मला.

आई पोचली तेव्हा फोनवर पहिलं म्हणाली, अरे दुबईत त्या व्हीलचेअरवाल्या पोराने मला चहा कुठे मिळतो तेपण दाखवलं. आता दिवाळीसाठी बाबांचा अलर्ट लावलाय, बुधवार-गुरुवारच्या तारखांवर नजर आहे.