रूट कॅनल करून आठ महिने झाले: माझ्या दाढेचा अनुभव

डावीकडची खालची दाढ. आधी थंड पाण्याने सणक, मग चहाने कळ, आणि शेवटी रात्री आडवं झालं की ठणका. लवंग धरून, गोळ्या खाऊन मी तीन आठवडे काढले. तसं कुणी करू नये. गोळीने ठणका दबतो, आतली नस सुजलेलीच राहते.

शेवटी रूट कॅनल करायला गेले, म्हणजे दाढेतली सुजलेली नस काढून आतली जागा साफ करून भरायची. पहिल्या इंजेक्शनने ओठ बधिर झाला, तरी ड्रिल आत जाताच कळ आली. हात वर केला. डॉक्टरांनी लगेच थांबून आणखी भूल दिली. खालच्या दाढेची नस फार सुजली असेल तर असं होतं म्हणाले. त्यानंतर जाणवला तो फक्त दाब आणि थरथर. म्हणून सांगते, दुखलं तर सोसत बसू नका.

दाढेभोवती रबराचा पडदा लावला होता. लाळ दाढेत उतरू नये आणि धुण्याचं औषध घशात जाऊ नये म्हणून तो महत्त्वाचा; आधीच विचारून घ्या. चार कॅनल, म्हणजे मुळांतल्या नसेच्या बारीक नळ्या, निघाले. ते बारीक फाईलने साफ करून आठवडाभर आत औषध ठेवलं, दुसऱ्या खेपेला गुट्टापर्चा (रबरासारखा पदार्थ) भरलं. नंतर तीन दिवस चावताना दुखलं, मग थांबलं. गालावर सूज किंवा ताप आला तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांना गाठा.

खरी चूक पुढे झाली. कॅप, म्हणजे दाढेवरचं कडक आवरण, दोन-तीन आठवड्यांत बसवा असं बजावलं होतं. दुखत नाही, पैसेही बरेच गेलेत, म्हणून मी दोन महिने लांबवलं. एक दिवस चिक्की खाताना दाढेची एक भिंतच तुटली. कीड आणि ड्रिलिंगमुळे दाढ आतून पोकळ झालेली असते, चावण्याचा जोर तिला पेलत नाही. तुकडा हिरडीच्या वरच तुटला म्हणून दाढ वाचली. मुळापर्यंत चीर गेली असती तर काढावीच लागली असती. रूट कॅनलला साडेचार हजार लागले, झिरकोनियाच्या (दातासारख्या पांढऱ्या, कडक सिरॅमिकच्या) कॅपला सात हजार. दोन्ही खर्च पहिल्याच दिवशी एकत्र धरा.

आता भाकरी, शेंगदाणे दोन्ही बाजूंनी खाते. कॅपशेजारी अन्न अडकतं, म्हणून रोज रात्री फ्लॉस करते, म्हणजे बारीक दोऱ्याने फट साफ करते. सहा महिन्यांच्या एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाची काळसर सावली, म्हणजे तिथल्या संसर्गाची खूण, पुसट झालेली दिसली. या दाढेत नस नाही, त्यामुळे कॅपखाली पुन्हा कीड लागली तरी ठणका देऊन ती सांगणार नाही. वर्ष पूर्ण झालं की पुढचा एक्स-रे आहे, तारीख आत्ताच घेऊन ठेवलीय.