वेस्टर्न सॅडलच्या रिकिबी वळवून देणारे सांगलीतले मामा

गणपती पेठेच्या मागच्या बाजूला एका बोळात चपला शिवणाऱ्या मामांचं दुकान आहे, बोर्ड बिर्ड काही नाही, कोल्हापुरी जोड टांगलेले दिसले की तेच. चपला छानच आहेत पण हा रिव्ह्यू खोगिराच्या कामाचा आहे, कारण आपल्याकडं वेस्टर्न सॅडल (अमेरिकन काउबॉयवालं खोगीर) घेणारे आता बरेच झालेत आणि ती नीट करून देणारं कोण मिळत नाही.

माझी सॅडल कानपूरची, ऑनलाइन मागवलेली. कोणाकडून ते लिहीत नाही. चामडं चांगलं, हॉर्न (पुढचा धरायचा खुंटा) मजबूत, शिवणीला नाव ठेवायला जागा नाही, शेवटी कानपूरच्या खोगिराला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय ते उगीच नाही. पण रिकिबी (पाय अडकवायच्या कड्या) बघाल तर दोन्ही घोड्याच्या पोटाला सपाट चिकटलेल्या. इंग्लिश सॅडलला बारीक वादी असते ती हवी तशी फिरते, वेस्टर्नला चामड्याचं रुंद जाड फेंडर असतं आणि त्याच्या खाली रिकीब, नवं असताना ते वळायचं नावच घेत नाही. तुम्ही पायानं रिकीब फिरवून धरता आणि चामडं सारखं मूळ जागी जायला बघतं. सुरुवातीला कळत नाही, मग गुडघ्याची बाहेरची बाजू ठणकायला लागते, घोटा भरून येतो आणि पाय आपोआप पुढं सरकतो. पाय पुढं गेला की बूड मागं, खुर्चीत बसल्यासारखी मांड, आणि मग ट्रॉटला (दुडक्या चालीत) घोडा पण वैतागतो. खरं तर बाजूनं बघितलं तर स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत पाहिजे. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे वापरत राहा मॅडम, आपोआप वळतंय. वळतं हो, पण तोपर्यंत गुडघे कोणाचे?

मामांनी आधी काय केलं तर फेंडरच्या पट्ट्याच्या टोकाचा दोऱ्याएवढा काप रापीनं (चामडं कापायच्या हत्यारानं) काढला आणि उजेडात धरून बघितला. आतपर्यंत तपकिरी. म्हणाले, "ताई, ह्ये सालीत पिकवलेलं हाय, पाणी लावून वळंल. आत निळसर असतं तर वळवलं तरी परत उलटलं असतं." म्हणजे झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं करून वाळवलं की दिलेला आकार धरतं, क्रोमवालं, म्हणजे रसायनात कमावलेलं, आत निळसर दिसणारं, धरत नाही. चपलेचं चामडं त्यांच्या रोजच्या हाताखालचं, त्यामुळं हे त्यांना सांगावं लागलं नाही. कोल्हापुरीच्या २०१९ च्या जीआयमध्ये कोल्हापूरसोबत सांगली, सातारा, सोलापूर पण आहेत, तर हे कारागीर आपल्याच गावात बसलेत आणि आपण खोगिराच्या दुरुस्तीला पुण्याला पळतो, काय म्हणायचं.

काम असं केलं. सॅडल लाकडी घोडीवर (स्टँडवर) ठेवली, फेंडरचा खालचा भाग दोन्ही अंगानं कोमट पाण्यानं भिजवला, नुसता ओला नाही, वाकवला की मऊ लागेल इतका. मग रिकीब फिरवली, तिची बाहेरची बाजू घोड्याच्या तोंडाकडं येईल अशी (उलटी फिरवली तर पट्टा नडगीला कापतो, हे लक्षात ठेवा) आणि दोन्ही रिकिबीतून एक जाडजूड दांडा आरपार घातला की त्या परत फिरूच शकत नाहीत, वर दोन्हीकडं वजन टांगलं. वाळवायचं सावलीत. उन्हात ठेवलं तर चामडं तडकतं आणि सगळी मेहनत पाण्यात. वाळल्यावर तेलाचा हात, तोही हलका, तेल जास्त झालं की फेंडर लुळं पडतं.

एवढं करून पण डावी थोडी मागं फिरत होती. मग त्यांनी बकलच्या खाली पट्ट्याला पीळ देऊन त्यावर चामड्याची पट्टी आवळून गुंडाळली. अमेरिकेत पण हे करतात, पण मामांनी ते कुठं बघितलेलं नाही, स्वतःच्या डोक्यानं केलं. पिळात लांबी थोडी खाल्ली जाते, त्यामुळं सगळ्यात खालची भोकं लागणाऱ्या उंच लोकांनी आधी मोजून घ्या.

लांबीचं माझं मत असं की आरशात बघून ठरवू नका. पाय मोकळे सोडायचे, रिकिबीचं बूड घोट्याच्या हाडाशी आलं की सुरुवातीला ठीक. मग रिकिबीत उभं राहायचं, बूड आणि सीटमध्ये मूठभर जागा पाहिजे. छोटी ठेवली की गुडघा वर येतो, लांब ठेवली की बोटांनी रिकीब शोधत बसता आणि टाच वर जाते. आणि भोकं मोजून दोन्ही सारख्या समजू नका, टेप लावा, कारण आपण कायम डावीकडून चढतो, तो पट्टा ताणला जातो. ओट्यावरून चढायची सवय लावली तर खोगीर पण टिकतं आणि घोड्याची पाठ पण.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत. "परवा या" म्हणजे परवा नाही हे सांगलीकरांना सांगायची गरज नाही. गुंडाळलेल्या पट्टीचा रंग सॅडलच्या रंगाला अजिबात मॅच होत नाही, माझी गडद चॉकलेटी आणि पट्टी पिवळसर. अर्धा स्टार त्याचा कापला. पैसे मात्र इतके कमी सांगितले की मीच जास्त दिले.

एक गोष्ट मामांनी स्पष्ट सांगितली ती मला आवडली. रिकीब फिरत नसेल तर ते करतील, लांबी पण करतील, पण सॅडलच्या लाकडी सांगाड्यावरच पट्टा फार पुढं अडकवलेला असेल तर पाय पुढंच जाणार, तिथं चांभारानं काही होत नाही. त्यामुळं विकत घ्यायच्या आधी सॅडल लाकडी घोडीवर ठेवून रिकिबी मोकळ्या सोडून बघा, सीटच्या सगळ्यात खोल भागाच्या फार पुढं लोंबत असतील तर स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि काठियावाडी, मारवाडी किंवा भीमथडी जातीचा घोडा असणाऱ्यांनी सॅडलची रुंदी पण बघा, ही खोगिरं मुळात अमेरिकेतल्या रुंद पाठीच्या घोड्यांची, आपल्या घोड्याच्या खांद्यावर टेकली तर रिकिबीचा विषयच नंतर.

जाताना सगळी सॅडल उचलून नेऊ नका, पंधरा किलोचं धूड आहे आणि बोळात गाडी जात नाही. फेंडर सुटतात, तेवढेच घेऊन जा. पण मग डावं उजवं खडूनं लिहून ठेवा, आणि दांड्याचं काम घरी आपल्यालाच करावं लागेल, मामा कसं ते दाखवून देतात.