घरांच्या फोटोसाठी सेकंडहँड आरएक्स१०० मार्क ३ : दोन वर्षं वापरल्यावर

विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या घरांचे फोटो काढायचं काम मी करतो आणि गेली दोन वर्षं ते सगळं सोनीच्या आरएक्स१०० मार्क ३ वर चाललंय. सेकंडहँड घेतलेला आहे. मॉडेल २०१४ चं, म्हणजे तसं जुनंच, पण या कामाला अजून कुठे कमी पडलेला नाही. कमी बजेटमध्ये कुठला कॅमेरा घेऊ असं बरेच जण विचारतात म्हणून जे अनुभवातून कळलं ते लिहितोय.

याच्या आधी माझ्याकडे ३० पट झूमवाला एक कॉम्पॅक्ट, म्हणजे लेन्स न बदलता येणारा छोटा कॅमेरा, होता. दुकानात तो झूमच दाखवून विकला गेला आणि मलाही भारी वाटला, पण पहिल्याच घरात लक्षात आलं की खोलीत झूम करायला आहेच काय, उलट पाठ भिंतीला टेकलेली असते आणि अजून दोन पावलं मागे जायला मिळाली असती तर बरं झालं असतं असं प्रत्येक फोटोला वाटतं. त्यामुळे झूम किती लांब जातो ते सोडा, लेन्स किती मिमीपासून सुरू होते तो आकडा आधी बघा. २४ पाहिजे, आकडा जितका लहान तितकं रुंद दिसतं. हिशोब सोपा आहे : ३ मीटरवरून २४ मिमीत साधारण साडेचार मीटर रुंदीची भिंत बसते, २८ मध्ये ३.८५ मीटर. पाऊण मीटरचाही फरक नाही, पण तेवढ्यातच दरवाजा किंवा खिडकी फ्रेममध्ये येते नाहीतर कापली जाते.

इथे एक गोष्ट नीट बघा. आरएक्स१०० नावाचे बरेच कॅमेरे आहेत आणि २०१२ चा पहिला २८ पासून सुरू होतो, २४ हे मार्क ३ पासून आलं. स्वस्त मिळतोय म्हणून पहिला घेतला तर पंचाईत, आणि त्यात ब्रॅकेटिंगसुद्धा (एकाच दृश्याच्या कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम लागोपाठ घेणं) अगदी थोड्या फरकाचं आहे जे खिडकीसाठी काहीच कामाचं नाही.

खिडकी हीच खरी डोकेदुखी. आतला उजेड धरला की बाहेरचं सगळं पांढरंफटक, बाहेरचं धरलं की खोली अंधारकोठडी. मी ट्रायपॉडवर तीन फ्रेम घेतो, एक बरोबर, एक काळी, एक उजळ, आणि नंतर जोडतो. मार्क ३ मध्ये फ्रेममधलं उजेडाचं अंतर मोठं ठेवता येतं. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून वायरचा रिमोट लावतो, छोटीशी वस्तू आहे पण तिच्याशिवाय तिन्ही फ्रेम एकावर एक बसत नाहीत. बाकी सेटिंग ठरलेली, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १२५, रॉ फाइल (प्रक्रिया न केलेली, नंतर उजेड सुधारता येणारी), एफ ४ किंवा ५.६ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). मोठ्या कॅमेऱ्याच्या सवयीने एफ ११ ला जाऊ नका, एवढ्या छोट्या सेन्सरवर (फोटो टिपणारी चिप) एफ ४ लाच पुढच्या टेबलापासून मागच्या भिंतीपर्यंत जवळपास सगळं शार्प येतं आणि छिद्र फार बंद केलं तर डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, उलट फोटो मऊ होतो.

सेन्सरला १ इंची म्हणतात पण प्रत्यक्षात तो १३.२ बाय ८.८ मिमी आहे, तरी साध्या कॉम्पॅक्टमधल्या सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळ. रॉ मध्ये कोपऱ्यातला अंधार उचलताना हे जाणवतं. २० मेगापिक्सेलचं मात्र काही कौतुक नाही, जाहिरातीत फोटो मोबाइलवर बघितले जातात, १२ सुद्धा भरपूर होतात.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्क्रीन. कॅमेरा अगदी कोपऱ्यात भिंतीला चिकटवून लावला की त्याच्या मागे डोकं जातच नाही, मग स्क्रीन वर उलटी फिरवायची आणि समोरून बघत फ्रेम लावायची. लेव्हलची रेघ पण स्क्रीनवर येते, ती चालूच ठेवा, कारण कॅमेरा जरा खाली वाकला की भिंती पडल्यासारख्या दिसतात. छातीच्या उंचीवर, सरळ.

कमी काय आहे? हॉट शू नाही, म्हणजे वर फ्लॅश लावता येत नाही. ज्यांना फ्लॅश उलटा छतावर मारून काम करायचंय त्यांनी पॅनासॉनिकचा एलएक्स१०० बघावा, तोही २०१४ चा, सेन्सर याच्याहून मोठा, लेन्स २४ ते ७५. त्याची स्क्रीन मात्र हलत नाही, आणि माझ्यासाठी तिथेच विषय संपला. फ्लॅश लावायचा नसेल तर कॅननचा जी७एक्स २४ ते १०० आहे, तोही चालेल, पण बॅटरी लवकर उतरते. बॅटऱ्या कुठल्याही छोट्या कॅमेऱ्याला दोन तरी लागतातच.

मोबाइलच्या अल्ट्रावाइडने होत नाही का, हेही विचारतात. होतं की, पण तो साधारण १३ मिमीच्या आसपास असतो, कडेचा सोफा ताणून बोटीएवढा होतो आणि घर बघायला आलेला माणूस दारातच म्हणतो फोटोत तर मोठं दिसत होतं. त्याचा वेळ वाया गेलेला असतो आणि पुढचं काही तो विश्वासाने ऐकत नाही. २४ मध्ये खोली जशी आहे तशीच वाटते, म्हणून मला त्याहून रुंद नकोच असतं.

सेकंडहँड घेताना एक टेस्ट नक्की करा. असल्या कॅमेऱ्यांची लेन्स आतबाहेर होते तेव्हा धूळ आत ओढली जाते आणि सेन्सरवर बसली तर लेन्स काढून पुसता येत नाही, सगळा कॅमेरा उघडावा लागतो. एफ ११ करून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून चारी कोपरे बघा. करडे ठिपके दिसले तर किंमत कितीही उतरवली तरी घेऊ नका, पांढऱ्या भिंतीच रोज काढायच्या आहेत आपल्याला.