सोलमधलं फ्राइड चिकन: साधं की यांग्न्योम?

सोलच्या गल्लीबोळातल्या चिकनच्या दुकानात बसलं की आधी हेच ठरवावं लागतं. साधं म्हणजे पीठ लावून बहुतेक ठिकाणी दोनदा तळलेलं. पहिल्या तळणीत मांस शिजतं, दुसरीत कातडीतलं उरलंसुरलं पाणी उडतं. म्हणून आवरण पातळ आणि दाताखाली कुर्रकन फुटणारं. सोबत मीठ-मिरपूड. पहिले दोन तुकडे झकास, मग आपल्या जिभेला काहीतरी झणझणीत हवंसं वाटतं.

यांग्न्योममध्ये त्याच तुकड्यांवर गोचुजांग (आंबवलेल्या लाल मिरचीची कोरियन पेस्ट), लसूण आणि गोडाचा दाट रस चढतो. लाल रंग बघून कोल्हापुरी तिखटाची आशा धरू नका. आधी गोड लागतं, तिखट मागून येतं. (कुणी हातमोजे पुढे केले तर मुकाट्याने घाला.)

माझी पसंती बिअरबरोबर साध्याला. पार्सल न्यायचं तरीही साधंच. रसातलं आवरण घरी पोचेपर्यंत मऊ पडतं. उरलेलं यांग्न्योम मात्र दुसऱ्या दिवशी गरम भाताबरोबर फर्मास लागतं.

दोन्हींसोबत मुळ्याच्या आंबटगोड फोडी येतात, त्या सोडू नका. बहुधा अख्खी कोंबडीच येते, तेव्हा सोबतीला कुणी न्या. एकमत होईना तर ‘बानबान’ सांगा, अर्धं-अर्धं मिळतं.